माळ्याचं पर्मिट

आमच्या चाचांइतका घट्ट कठडा धरून जिना उतरणारा माणूस सबंध सौदी अरबस्तानात दुसरा सापडणार नाही. जिना दोन पायऱ्यांचा असला तरी ते आधी थांबायचे, कठड्यावर हात ठेवायचे, तो हलतो का ते एकदा हलवून बघायचे आणि मगच पहिलं पाऊल टाकायचे. राबिघच्या ज्या रिफायनरीत आम्ही दोघं नोकरीला होतो तिथे ते सेफ्टी इन्स्पेक्टर होते. उंचावर काम करणाऱ्या प्रत्येक माणसाने वर चढण्याआधी एक कागद भरायचा आणि चाचांनी त्या जागी जाऊन, परांची हाताने हलवून बघून, त्या कागदावर सही करायची. हा कागद म्हणजे पर्मिट. सही झाली की परांचीला हिरवा टॅग लागायचा आणि माणूस वर जायचा. सव्वीस वर्षं त्यांनी हेच केलं आणि त्यांच्या सहीवर वर गेलेला एकही माणूस खाली पडला नाही. "जागेवर बघितल्याशिवाय सही नाही," हे वाक्य ते मराठी, हिंदी, इंग्रजी आणि अरबी अशा चारही भाषांत एकाच सुरात म्हणायचे. एकदा आमच्या मोठ्या मुदीरने, म्हणजे साहेबाने, घाईघाईत फोनवरून सही मागितली. चाचा म्हणाले, "सर, फोनवर तुमचा आवाज येतो, परांची दिसत नाही." साहेब अर्धा तास उन्हात उभे राहिले आणि मग चाचा सावकाश चालत, वाटेतल्या दोन पायऱ्यांचे कठडे धरत, तिथे पोचले.

मी प्लॅनिंग खात्यातला, नाशिकचा. कोणतं काम किती तासांत व्हायचं ते कागदावर मांडायचं ही माझी नोकरी, आणि ते काम तेवढ्या तासांत होऊ न देणं ही चाचांची. पहिलं वर्ष मी त्यांच्या नावाने नुसता चरफडत होतो. मग कॅम्पमध्ये मला त्यांच्या शेजारची खोली मिळाली आणि कळलं की हा माणूस आपला, रत्नागिरीकडचा, खाडीकाठच्या एका गावातला. ते माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, पांढरी दाढी राखलेले, हसताना खांदे हलणारे. सगळा कॅम्प त्यांना चाचा म्हणायचा, मीही म्हणू लागलो. पहिल्याच शुक्रवारी त्यांनी मला सुकट आणि भात खायला बोलावलं. मी ताटावर बसणार इतक्यात म्हणाले, "थांब. आग लागली तर कुठून पळशील?" मी दाराकडे बोट दाखवलं. "आणि दाराशीच लागली तर?" मी खिडकीकडे दाखवलं. तेव्हा कुठे त्यांनी माझ्या ताटात भात वाढला.

ही त्यांची रीत सगळीकडे चालायची. जेद्दाला बिर्याणी खायला गेलो तर मेनूच्या आधी ते बाहेर पडायचे दरवाजे मोजायचे. एका मित्राच्या मुलीच्या निकाहात त्यांनी हॉलच्या मालकाला बाजूला घेऊन मागच्या दाराचं कुलूप काढायला लावलं, आणि ते निघेपर्यंत स्वतः जेवले नाहीत. विमानात हवाई सुंदरी पट्टा कसा बांधायचा ते दाखवू लागली की तीनशे माणसांत एकटे चाचा ताठ बसून तिच्याकडे बघायचे आणि शेवटी मान डोलवून "गुड" म्हणायचे. कुणाच्या गावाहून आलेला फणस कापायचा असला तरी आधी सगळ्यांना गोल उभं करून, सुरी कोण धरणार, तेल कोण लावणार, बोट कापलं तर मलमपट्टी कुठे आहे, यावर पाच मिनिटांचं भाषण व्हायचं. फणस तोपर्यंत आणखी पिकायचा.

चाची गावाला होत्या. रोज दुपार कलली की असरच्या नमाजनंतर व्हिडिओ कॉल व्हायचा आणि भिंत पातळ असल्यामुळे मला तो ऐकावा लागायचा. गॅसची नळी बदलली का, विहिरीच्या काठावर शेवाळ आहे का, नारळ पाडायला आलेल्या माणसाने कमरेला दोर बांधला होता का. चाचींची जीभ मात्र त्यांच्याहून तिखट. "तुमची सही होईपर्यंत माझा भात करपेल," असं म्हणून त्या फोन चुलीकडे वळवायच्या. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती आणि एकत्र राहिल्याचे दिवस मोजले तर कशीबशी तीन वर्षं भरली असती. दोन वर्षांतून एकदा दीड महिना, असा हा संसार.

त्या संसाराला स्वतःची खोली कधीच नव्हती. घर वडिलांनी बांधलेलं, चिऱ्याचं, वर मंगळुरी कौलं. खाली भाऊ, भावजय, त्यांची मुलं. लग्न झालं तेव्हा घरात अकरा माणसं होती आणि नव्या जोडप्याला दोन शब्द बोलायला जागा म्हणजे माळा. शिडी लावून वर जायचं, नारळांच्या ढिगाशेजारी बसायचं आणि हळू बोलायचं. माळ्यावर उजेडासाठी एक काचेचं कौल होतं. सौदीला निघायच्या आदल्या दुपारी त्या काचेखाली बसून चाचांनी चाचींना शब्द दिला होता की परत आलो की हीच आपली खोली करू, खाडीच्या बाजूला खिडकी काढू आणि दोघं खिडकीत बसून चहा पिऊ. हे चाचांनी मला एकदाच सांगितलं आणि सांगून झाल्यावर उगाचच माझ्या खोलीतल्या स्मोक अलार्मचं बटण दाबून बघितलं.

आता साठी जवळ आली, फायनल एक्झिट घेऊन कायमचं परत जायचं ठरलं, आणि माळ्याचं काम निघालं. दुसऱ्या कुणी सुताराला बोलावून फळ्या ठोकल्या असत्या. चाचांनी ग्रामपंचायतीकडे परवानगीचा अर्ज केला. ग्रामसेवक फोनवर हसला. "अहो चाचा, माळ्यासाठी या गावात आजवर कुणी अर्ज केला नाही. घाला फळ्या, कोण बघतंय?" या शेवटच्या दोन शब्दांनी चाचांना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. "कोण बघतंय म्हणून मला विचारतो!" असं ते येईल त्याला सांगत होते. मग त्यांनी बांधकामाचे नियम मिळवले आणि पेन्सिलीने रेघा मारत वाचून काढले. राहती खोली म्हणायची तर छताची उंची किती हवी, खिडकी केवढी हवी, जिन्याची पायरी किती रुंद, कठडा किती उंच. माळ्याला यातलं काहीच नव्हतं. मधोमध आढ्याखाली माणूस उभा राहायचा, पण छपराच्या दोन्ही उतरत्या पाखांकडे सरकला की वासे डोक्याला लागायचे. एक तर छप्पर उचलायला हवं, नाहीतर माळ्याची जमीन खाली घ्यायला हवी. छप्पर उचलायला चाचा तयार नव्हते, कारण फणसाचं ते अखंड आढं वडिलांनी स्वतःच्या खांद्यावरून चढवलं होतं. म्हणजे जमीन खाली. किती खाली, ते आढ्याच्या अचूक उंचीवर ठरणार. आणि तालुक्याच्या इंजिनियरला उंची दाखवणारा नकाशा हवा होता. नकाशा काढायचं मी कबूल केलं.

तोवर चाचांनी राबिघमध्येच माळा उभा केला. म्हणजे खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लाल-पांढऱ्या पट्ट्या तिरक्या बांधल्या, गावच्या पाखांच्या उताराने. चहाला गेलं की वाकून आत शिरायचं, वाकून बसायचं. डोकं पट्टीला लागलं की चाचा वहीत लिहायचे, "नाशिककर, खिडकीजवळ, एकदा." पुढच्या महिन्यात कॅम्पची तपासणी आली आणि बाहेर पडायच्या वाटेत अडथळा म्हणून त्या पट्ट्यांवर ताशेरा पडला. तपासणीच्या कमिटीत चाचा स्वतः होते. त्यांनी स्वतःच्या खोलीविरुद्धच्या अहवालावर सही केली, जागेवर बघून, आणि पट्ट्या गुंडाळून कपाटात ठेवल्या.

मग तो शुक्रवार आला. रविवारपासून दुरुस्तीसाठी प्लांटचं शटडाऊन सुरू होणार होतं आणि नंतर महिनाभर मला मान वर करायला फुरसत नव्हती. मी चाचांच्या मागे लागलो. आज माप मिळालं तर आज नकाशा, नाहीतर गेला महिना. सुतार सोमवारी येऊन मोजणार होता, पण सोमवार माझ्या वेळापत्रकात बसत नव्हता. जुम्म्याची नमाज करून आल्यावर चाचांनी फोन लावला. मी शेजारी पट्टी-पेन्सिल घेऊन बसलो होतो.

"जरा शिडीवर चढून आढ्याला टेप लावतेस का?" चाचांनी विचारलं.

चाची हसल्या. "पर्मिट कुठाय?"

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी घड्याळाकडे बघितलं आणि पुढे वाकून म्हणालो, "चाची, दोन मिनिटांचं काम आहे."

"हां, हां," चाचाही हसले. "आज माझी तोंडी सही. मी बघतोय ना इथून."

चाचींनी फोन खांबाला टेकवला. आम्हाला खांबच दिसत होता आणि टेपचं एक टोक. शिडी करकरली. मग वरून आवाज आला, "आठ फूट साडेचार इंच." चाचांनी आकडा लिहिला, मी लिहिला, आणि तेवढ्यात नेट गेलं. पाऊण तासाने मेसेज आला, "नेट गेलं होतं. साडेचारच लिहा, पाच नको." चाचांनी तो मेसेज कॅम्पभर दाखवला. "बघा, इन्स्पेक्टरची बायको आहे," म्हणाले. नकाशा संध्याकाळी गेला आणि परवानगी महिन्याभरात आली. चाचांनी तिची रंगीत प्रत काढून पलंगाच्या डोक्याशी लावली.

काम सुरू झालं. त्यानंतर रोजच्या कॉलमध्ये चाची बसलेल्या असायच्या. पडवीत, खाटेवर, मागे तीच निळी भिंत. "महाराणी झालीस," चाचा म्हणायचे. "पूर्वी फोन घेऊन घरभर फिरायचीस." चाची म्हणायच्या, "साहेबाची बायको बसूनच असते." वरची मापं आता त्यांच्या जाऊबाई सांगायच्या. चाचांना त्यात काही वावगं वाटलं नाही आणि मला तर नाहीच नाही. त्या वर्षीची रजाही चाचांनी घेतली नाही, एकदम कायमचंच जाऊ म्हणून.

दहा महिन्यांनी मी रजेवर निघालो तेव्हा चाचा माझ्या खोलीत आले. हातात चाळीस कलमांची यादी, एक टेप आणि एक हिरवा टॅग. "तू माझ्या जागी जा. बघ, मोज, लिही. सगळं बरोबर असेल तरच टॅग लाव." नाशिकहून रत्नागिरी काही वाटेवर नाही, पण मी गेलो.

खोली फार सुंदर झाली होती. जिना रुंद, कठडा घट्ट, जमीन सागाची, खिडकी खाडीवर. काचेचं कौल होतं तिथेच ठेवलं होतं आणि त्याच्या बरोबर खाली दोन वेताच्या खुर्च्या होत्या. मी एकेक कलम मोजून खूण केली. चाळीसच्या चाळीस बरोबर. खाली आलो तर चाची वॉकर धरून माझ्यासाठी चहा घेऊन येत होत्या. एक पाऊल, मग वॉकर, मग दुसरं पाऊल. कप जाऊबाईंच्या हातात होता, पण आणायला चाची स्वतः निघाल्या होत्या.

त्या शुक्रवारी उतरताना शिडी सरकली होती. खुब्याचं हाड मोडलं, रत्नागिरीला ऑपरेशन झालं, ते नीट जुळलं नाही, आणि जिना चढायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं ते कायमचं. "आणि तो मेसेज?" मी विचारलं. जाऊबाई म्हणाल्या, "रिक्षात. ही आडवी होती. मला म्हणाली, लिही, नाहीतर ते पाच धरतील."

मला तिथे बसवेना. चाची मात्र चहा निवतोय म्हणून मलाच रागावत होत्या. मी म्हणालो, "चाचांना सांगायला हवं." त्यांनी मान हलवली. "सव्वीस वर्षं त्या माणसाने दुसऱ्यांच्या पडण्याची काळजी वाहिली. तेव्हाच कळलं असतं तर त्यांनी खोली अर्धी टाकली असती, आणि आता कळलं तर तिकडे एकटेच भिंतीकडे बघत बसतील. येऊ दे त्यांना. मी समोर असेन, मग रडायचं ते रडू दे." मी यादी घडी करत होतो. त्या म्हणाल्या, "त्या कागदावर माझ्याबद्दल काही विचारलंय का?"

नव्हतं. चाळीस कलमांत पायऱ्या होत्या, कठडा होता, वाऱ्याची दिशा होती. चाची नव्हत्या.

"मग जे विचारलंय तेवढं लिही," त्या म्हणाल्या. मी लिहिलं. हिरवा टॅग जिन्याला बांधला आणि निघालो.

राबिघला परतल्यावर चाचांनी मला विमानतळावरून थेट त्यांच्या खोलीत नेलं. यादी दोनदा वाचली. कठडा हलवून बघितला होता का? बघितला होता. खिडकीतून खाडी दिसते? दिसते. "आणि ती काय म्हणाली? आवडली तिला?" मी म्हणालो, "आवडली." एवढं खोटं बोलायला मला आयुष्यात कधी इतका त्रास झाला नव्हता. त्यांनी यादीच्या तळाशी सही केली. सव्वीस वर्षांत जागेवर न बघता कागदावर केलेली ही त्यांची पहिली सही, आणि ती त्यांनी माझ्या भरवशावर केली.

पाच महिन्यांनी त्यांचं फायनल एक्झिट झालं. निरोपाला हॉलमध्ये सगळे जमले, साहेबांनी शाल दिली, चाचांनी आधी दरवाजे मोजले. विमानतळावर सरकत्या जिन्याचा कठडा धरून ते वर जाताना दिसले. वळून त्यांनी मला खूण केली, तूही धर. मी धरला. तेव्हा सांगावंसं वाटलं होतं. अजूनही वाटतं की तेव्हा तरी सांगायला हवं होतं, म्हणजे पाच तासांच्या प्रवासात त्यांनी मनाची तयारी केली असती.

पंधरा दिवस त्यांचा फोन नाही, मेसेज नाही. मीही लावला नाही, धीर झाला नाही. सोळाव्या दिवशी एक फोटो आला. आमच्या प्लांटमध्ये अपघात झाला की जो अहवाल भरायचा असतो, त्याच रकान्यांचा कागद, चाचांनी पट्टीने रेघा मारून घरी तयार केलेला, त्यांच्या ठसठशीत अक्षरात.

जखमी व्यक्ती: माझी पत्नी. काम: उंचावर मोजमाप. पर्मिट: नव्हतं. पर्मिटशिवाय काम करायला कोणी सांगितलं: मी. मूळ कारण: घाई. घाई कोणाची: माझी. पुन्हा होऊ नये म्हणून उपाय: माझा बिछाना खाली पडवीत आणला. दोन्ही खुर्च्या खाली आणल्या. पडवीपासून न्हाणीपर्यंत भिंतीला कठडा लावला, हलवून बघितला. मी इथेच राहणार.

सगळ्यात खाली साक्षीदाराच्या सहीसाठी जागा सोडली होती आणि तिथे पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं, "ही तुझी जागा. राग नाही."

मी ऑफिसात होतो. दार लावून घेतलं आणि कितीतरी वेळ तो फोटो मोठा-लहान करत बसलो. त्यांनी माझं नाव कुठेच घातलं नव्हतं. दोन मिनिटांचं काम आहे हे वाक्य चाचींनाही ऐकू गेलं होतं आणि चाचांनाही, पण ते कागदावर कुठेच नव्हतं. मी फोटो छापून घेतला. "घाई कोणाची" या रकान्यात "माझी" खोडलं आणि "आमच्या दोघांची" असं लिहिलं. साक्षीदार म्हणून सही केली, फोटो काढला आणि पाठवला.

उत्तर लगेच आलं. "दुरुस्ती मान्य. सही अमान्य. फोनवरून सही चालत नाही, माहीत आहे ना? जागेवर ये. चाचीने सुकट ठेवली आहे. दुपारी खाडीवरून वारा पडवीतही बरा येतो, आम्हाला ते इतकी वर्षं माहीत नव्हतं."

मी रजेचा अर्ज टाकला आहे. या वर्षीचं शटडाऊन संपल्यावर मिळेल म्हणतात. तोवर रोज कॅम्पच्या जिन्यावरून उतरताना मी थांबतो, कठडा एकदा हलवून बघतो आणि मग उतरतो. मागचे लोक खोळंबतात. त्यांना खोळंबू देतो.